चांगला नेता कोणास म्हणावे? : शिबिरातील गळक्या बंधाऱ्यानंतर पडलेला प्रश्न

बालाघाटचा_विद्यार्थी

नमस्कार. मी बीड जिल्ह्यातील एका महाविद्यालयात विज्ञान शाखेच्या द्वितीय वर्षात शिकतो आणि राष्ट्रीय सेवा योजनेचा स्वयंसेवक आहे. डिसेंबरअखेर आमचे सात दिवसांचे विशेष शिबिर डोंगरपट्ट्यातील एका गावी झाले. ओढ्यावर वनराई बंधारा घालण्याचे काम ज्या गटाकडे होते, त्याचा गटप्रमुख म्हणून माझी निवड झाली. निवड झाली म्हणजे इतकेच, की सरांनी "कोण करतो?" असे विचारले आणि माझा आवाज सर्वांत आधी निघाला.

पहिल्या दिवशी आम्ही सिमेंटच्या रिकाम्या गोण्या वाळूने भरल्या, सुतळीने त्यांची तोंडे शिवली आणि थेट ओढ्याच्या पात्रात रचायला सुरुवात केली. शेळ्या घेऊन निघालेले एक आजोबा काठावर थांबले आणि म्हणाले, "लेकरांनो, आधी खालची वाळू काढा, नसता पाणी बुडातून जाईल." मी "हो बाबा" म्हणालो आणि गोण्या मोजत राहिलो, कारण त्या दिवशी किती गोण्या झाल्या हे मला संध्याकाळच्या अहवालात सांगायचे होते. दुपारी गटातील एका मुलीनेही तेच सांगितले. त्यांच्या शेतातल्या बांधाचे असेच झाले होते, असे ती म्हणाली. मी तिला उत्तर दिले की आता दोन थर झाले आहेत, ते काढत बसलो तर शिबिर संपेल. ती पुन्हा काही बोलली नाही.

पाचव्या दिवशी बंधारा पूर्ण झाला, सरपंचांनी नारळ फोडला, छायाचित्रे निघाली. सहाव्या दिवशी सकाळी पाहिले तर वरच्या अंगाला जेमतेम घोटाभर पाणी होते आणि खालच्या अंगाला ओढा पूर्वीसारखाच वाहत होता. समारोपात मला उत्कृष्ट गटप्रमुखाचे प्रमाणपत्र मिळाले, आणि आईने ते बैठकीत देवाच्या फोटोशेजारी लावले आहे.

आजवर मला वाटत असे की ज्याला चार लोकांत बोलता येते, जो पटकन निर्णय घेतो आणि पुढे उभा राहतो, तो नेता. आता असे वाटते की ज्याला त्याच्या हाताखालचा माणूस "तुमचे चुकते आहे" असे न भिता सांगू शकतो, आणि ते ऐकल्यावर ज्याचा हात थांबतो, त्यालाच नेता म्हणावे. ही व्याख्या टिकेल का, की हा केवळ माझ्या मनाला लागलेल्या टोचणीचा परिणाम आहे? जाणत्यांनी लिहावे.

गोदाकाठ

प्रमाणपत्र गळत नाही ना? मग आपली नेतृत्वाची पायाभरणी उत्तम झाली आहे, पुढे जिल्हा परिषदेचे तिकीट मिळण्यास हरकत नसावी.

निवृत्त_गुरुजी

बाळ, विषय चांगला मांडलास. आपल्या भागातील एक उदाहरण देतो. स्वामी रामानंद तीर्थ हे मुळात शिक्षक. हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत आणि नंतर अंबाजोगाईस त्यांनी शिकवले. १९३८ मध्ये हैदराबाद स्टेट काँग्रेसवर निजाम सरकारने बंदी घातली, तेव्हा ते सत्याग्रह करून तुरुंगात गेले. त्याच वर्षी उस्मानिया विद्यापीठातील विद्यार्थ्यांना 'वंदे मातरम्' म्हटल्याबद्दल काढून टाकण्यात आले आणि त्यांतील अनेकांना नागपूर विद्यापीठाने प्रवेश दिला. ती मुले तुझ्याच वयाची होती, आणि त्यांना कोणी गटप्रमुख नेमलेले नव्हते.

मला अधिक महत्त्वाचे वाटते ते १९४८ चे साल. त्या वर्षातला बहुतेक काळ स्वामीजी तुरुंगात होते, आणि त्यांची सुटका झाली ती थेट १७ सप्टेंबरला, म्हणजे हैदराबाद संस्थान शरण आले त्या दिवशी. मधल्या महिन्यांत सरहद्दीवरील मुक्तिसैनिकांचे कॅम्प चालू राहिले, गावोगाव निरोप पोचत राहिले, आणि पुढारी आत आहे म्हणून लोक घरी बसले नाहीत. म्हणून माझी कसोटी तुझ्याहून थोडी वेगळी आहे. नेता समोर नसताना काम किती चालते, हे मी पाहतो. तू त्या बंधाऱ्यावरून दोन दिवस उठून गेला असतास तर गटाने वाळू काढली असती का, याचा विचार कर. मला वाटते, काढली असती.

तेरणेकाठी

विद्यार्थीमित्राचा प्रामाणिकपणा आवडला, परंतु त्याची व्याख्या मला मान्य नाही, आणि ती का नाही हे थोडे सविस्तर सांगतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, चार वाजायला काही मिनिटे असताना, आमच्या किल्लारीकडच्या गावाखालची जमीन भूकंपाने हलली. आदल्या संध्याकाळी गणपती विसर्जन झाले होते, त्यामुळे माणसे उशिरा आणि गाढ झोपली होती. जाड दगडमातीच्या भिंती आणि वर मातीचे जड माळवद अशी आमची घरे होती. उन्हाळ्यात थंड म्हणून आम्ही ज्यांचे कौतुक करत असू, तीच घरे अंगावर आली. लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद हे दोन जिल्हे मिळून दहा हजारांच्या आसपास माणसे गेली. मी तेव्हा नववीत होतो.

उजाडल्यावर गावात रडणे आणि सैरावैरा धावणे यांखेरीज काही नव्हते. जो तो आपलेच घर उकरत होता, आणि ज्याच्या घरात कोणी जिवंत असण्याची शक्यता होती तिथे मात्र हात कमी पडत होते. अशा वेळी शाळेतले आमचे एक शिक्षक हजेरीपट घेऊन चावडीसमोरच्या मोकळ्या जागेत उभे राहिले. घरात पोर किती, मोठी किती, हे त्यांना बहुतेक पाठ होते. त्यांनी चढ्या आवाजात हुकूम सोडायला सुरुवात केली, की तुम्ही चौघे इकडे, तुम्ही सहा तिकडे. त्यांच्या स्वतःच्या घराचा अर्धा भाग खाली आलेला होता. त्या सकाळी त्यांनी कोणाचे मत विचारले असते तर मी आज हे लिहायला नसतो, कारण मला काढणारे सहाजण त्यांनीच पाठवलेले होते. सभा घेऊन, सर्वांचे ऐकून निर्णय करणे ही सुखाच्या दिवसांची चैन आहे.

गोदाकाठ

तेरणेकाठीसाहेब, वरील विनोदाबद्दल ओशाळलो आहे. धागा आता लक्षपूर्वक वाचतो.

बालाघाटचा_विद्यार्थी

सर, आपले लिहिणे दोनदा वाचले. विचारणे योग्य की नाही ठाऊक नाही, तरी विचारतो. त्या सकाळी गुरुजींना कोणी "नाही, तसे नाही" असे सांगितले का, आणि सांगितले असेल तर त्यांनी काय केले?

तेरणेकाठी

प्रश्न ऐकून तीस वर्षांनी मलाच आठवावे लागले. हो, सांगितले होते. एका घराबाहेर त्यांनी आठजण लावले होते, कारण हजेरीपटाप्रमाणे तिथे तीन मुले होती. शेजारची एक दहा-अकरा वर्षांची मुलगी त्यांच्याजवळ येऊन म्हणाली की ती तिघे विसर्जनाला मामाच्या गावी गेली आहेत, रात्री परतलीच नाहीत. गुरुजींनी तिला एकदाच विचारले, "तू पाहिलंस?" ती "हो" म्हणाली. त्यांनी तिथल्या आठही जणांना उचलून पुढच्या गल्लीत धाडले.

आपला मुद्दा यामुळे सिद्ध होतो असे आपण म्हणाल, आणि काही अंशी मी ते मान्यही करीन. मात्र त्यांनी तिचे ऐकले ते अर्ध्या मिनिटात, आणि ऐकल्यावर पुन्हा हुकूमच सोडला, हेही विसरू नये.

फडावरून_वर्गात

मी ऊसतोड कामगाराचा मुलगा आहे, सध्या छत्रपती संभाजीनगरला पदव्युत्तर शिक्षण घेतो. या चर्चेत आमच्या मुकादमाची आठवण होणे अपरिहार्य आहे. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो: नवरा-बायकोच्या जोडीला आमच्याकडे 'एक कोयता' म्हणतात. मुकादम कारखान्याकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतो, ती कोयत्यांना वाटतो, आणि दसरा-दिवाळीनंतर टोळी घेऊन पश्चिम महाराष्ट्राच्या किंवा कर्नाटकाच्या वाटेला लागतो. एखाद्या दिवशी कोणी कामावर आले नाही तर त्याचा खाडा धरला जातो, म्हणजे पैसे उलट कापले जातात.

लहानपणी मला मुकादम हाच जगातील सर्वांत मोठा नेता वाटे. पहाटे तीनला त्याने हाक मारली की पन्नास माणसे कोपीतून बाहेर येत. पुढे कळले की ती माणसे त्याच्या हाकेने उठत नव्हती, उचलीने उठत होती. माझ्या वडिलांनी दोन मुकादमांकडे काम केले. पहिल्याकडची उचल फिटली त्या वर्षी आमच्या तांड्यावरची एकही जोडी त्याच्याबरोबर गेली नाही. दुसऱ्याच्या टोळीत एकदा फडातच एक बाई बाळंत झाली, तेव्हा त्याने तिचा आणि तिच्या नवऱ्याचा खाडा धरला नाही, ते पैसे स्वतः सोसले. त्याच्याकडे लोक उचल कमी मिळत असतानाही जात. मला नेता ओळखण्याची याहून साधी रीत माहीत नाही: उचल नसती तर टोळी आली असती का?

विद्यार्थीमित्रा, राग मानू नकोस, पण तुझ्या गटातील मुले तुझे ऐकत होती याचेही कारण तपासून पाहा. सेवा योजनेत वर्षाला १२० तास भरायचे, दोन वर्षांत २४० करायचे, सात दिवसांचे शिबिर करायचे आणि मग प्रमाणपत्र. तीही एक प्रकारची उचलच आहे.

सारोळ्याचा

'तीही एक प्रकारची उचलच आहे' हे वाक्य आमच्या कार्यालयातील सूचना फलकावर लावावे असे वाटते, फक्त दुसऱ्या दिवशी माझी बदली होईल.

माजी_वर्गप्रतिनिधी

नेतृत्व शिकणार तरी कुठे, हाही प्रश्न या धाग्यात यायला हवा. १९९४ च्या विद्यापीठ कायद्याने महाविद्यालयांतील थेट निवडणुका गेल्या आणि वर्गात ज्याला सर्वांत जास्त गुण त्याला प्राचार्यांनी वर्गप्रतिनिधी नेमायचे, अशी पद्धत आली. मी तसाच झालो. मला रसायनशास्त्रात चांगले गुण होते, यापलीकडे माझ्या वर्गाला माझ्याविषयी काहीही ठाऊक नव्हते आणि मलाही वर्गाविषयी नव्हते. वसतिगृहातील पाण्याची तक्रार घेऊन मुले आली तेव्हा मी त्यांना अर्ज लिहून दिला, शुद्धलेखनासह. २०१६ च्या कायद्यात निवडणुकांची तरतूद परत आली, पण त्या घेणे पुढे पुढे ढकलले गेले. निवडणुकीतील मारामाऱ्या मी नाकारत नाही. तरीही मत मागायला दारोदार फिरलेल्या मुलाला चार दारांवर चार खरी वाक्ये ऐकावी तरी लागतात.

निवृत्त_गुरुजी

वरील सदस्यांशी अंशतः असहमत. मी त्या जुन्या निवडणुका पाहिल्या आहेत. दारोदार फिरणाऱ्यांनी ऐकलेली वाक्ये मतमोजणीनंतर त्यांच्या किती स्मरणात राहत, याविषयी मी फारसे चांगले सांगू शकणार नाही.

माजी_सरपंचताई

मी परभणी जिल्ह्यातील एका लहान गावची पाच वर्षे सरपंच होते. राज्यात पंचायतींमध्ये महिलांना निम्म्या जागा २०११ पासून आल्या, आणि त्या आरक्षणातूनच मी आले, हे सांगण्यात मला कमीपणा वाटत नाही. पहिले वर्षभर तहसीलमधले बाबू माझ्यासमोर बसून माझ्या पतींना विचारत, "मग सरपंचसाहेब, ठराव कधी पाठवता?" आमच्या ह्यांनी एक दिवस चहा संपवून शांतपणे सांगितले की सरपंच या समोर बसल्या आहेत, मी त्यांना सोडायला आलो आहे. त्या वर्षीचे ते माझ्या मते गावातले सर्वांत चांगले नेतृत्व होते, आणि ते पदावर नसलेल्या माणसाने केले.

आता मूळ मुद्दा. नियमित ग्रामसभेच्या आधी महिलांची ग्रामसभा घ्यावी लागते. पहिल्या सभेत मी माइक घेऊन विचारले, "बोला, काय अडचणी आहेत?" कोणी बोलले नाही. मला वाटले, अडचणी नाहीत. पुढे मी माइक ठेवून दिला आणि सभेच्या आधी तासभर नळावर जाऊन उभी राहू लागले. तेव्हा कळले की नळाची वेळ आणि शाळेची वेळ एकच असल्यामुळे मुली उशिरा शाळेत जातात. लोकांनी आपल्याला सांगावे अशी जागा आपण तयार केली का, हे आधी पाहावे लागते. 'सांगितले तर मी ऐकेन' एवढे पुरत नाही.

आणि भाऊ, तुमच्या लेखनात एक गोष्ट खटकली, ती स्पष्ट सांगते. बाबांचे वाक्य तुम्ही जसेच्या तसे दिले आहे, सरपंचांचा नारळही आला आहे. त्या मुलीने जे सांगितले ते मात्र तुम्ही "तेच सांगितले" असे म्हणून गुंडाळले. तिच्याशी तुम्ही शिबिरानंतर बोललात का?

बालाघाटचा_विद्यार्थी

ताई, नाही बोललो. वर्गात ती तिसऱ्या बाकावर बसते.

माजी_सरपंचताई

मग इथे आम्हाला विचारण्याआधी तिला विचारायला हवे होते.

मिलिंदचा_माजी_विद्यार्थी

एक वेगळी बाजू मांडतो. आपण सर्वजण नेता कसा असावा याचीच चर्चा करत आहोत, अनुयायी कसा असावा याची कोणी करत नाही. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेतील आपल्या भाषणात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नेमका हाच इशारा दिला होता. धर्मातील भक्ती आत्म्याच्या मुक्तीचा मार्ग असू शकेल, पण राजकारणातील भक्ती म्हणजे अधःपतनाचा आणि शेवटी हुकूमशाहीचा खात्रीचा रस्ता आहे, असा त्याचा आशय होता. पुढच्याच वर्षी, १९५० मध्ये, त्यांनी आपल्या औरंगाबादेत महाविद्यालय सुरू केले, ज्याला पुढे मिलिंद हे नाव मिळाले. राजा मिलिंद हा भिक्खू नागसेनाला प्रश्नामागून प्रश्न विचारणारा होता. उत्तरे देणाऱ्याचे नाव न घेता विचारणाऱ्याचे नाव महाविद्यालयाला द्यावे, यावर मी विद्यार्थिदशेत फार विचार केला नव्हता, आता करतो.

त्या मुलीने एकदा सांगितले आणि ती गप्प झाली. तिला दोष देत नाही. पण गटात आणखी वीसेक मुले असतील, त्यांनीही शेळ्यांच्या बाबांचे वाक्य ऐकले असेलच. ते काय करत होते?

सप्ताहवाला

राजकारणात भक्ती नको हे मान्य, परंतु भक्तीतली एक शिस्त नेत्यांनी उचलावी असे वाटते. आमच्या गावी दरवर्षी अखंड हरिनाम सप्ताह असतो. सात दिवस, रात्रंदिवस, वीणा खाली टेकत नाही. पहारे लावलेले असतात, आणि ज्याचा पहारा असेल त्याच्या गळ्यात वीणा. त्याच्या पाया सर्वजण पडतात, अगदी त्याचे वडील आणि गावचे पाटीलही. दोन तासांनी पुढचा आला की वीणा त्याच्या गळ्यात, आणि आता पहिला त्याच्या पाया पडतो. मागच्या वर्षी माझ्यानंतर आमच्या शेतावरच्या सालगड्याचा पहारा होता. मी वाकलो तेव्हा मनात क्षणभर काहीतरी आडवे आले, ते खोटे का सांगू. तेवढ्यासाठी तरी वीणा दुसऱ्याच्या गळ्यात घालावी.

सारोळ्याचा

आमच्या पतसंस्थेत अध्यक्षांचा पहारा १९९८ पासून चालू आहे.

मांजरेचे_पाणी

एक कडवट मुद्दा. १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून पहिली पाण्याची रेल्वे लातूरला आली, दहा टाक्यांत पाच लाख लिटर पाणी घेऊन. ती ज्यांनी आणली त्यांचे ऋण आहेच. मी स्वतः तेव्हा घागरीच्या रांगेत रात्री काढल्या आहेत. पण त्याच्या आधीची अनेक वर्षे उसाऐवजी दुसरे पीक घ्या, बोअर इतके खोल नेऊ नका, असे गावोगाव सांगणारे लोक होते, आणि त्यांना सभेतून उठवून लावलेले मी पाहिले आहे. रेल्वेला हार घातले गेले. आधी सांगणाऱ्यांची कोणाला आठवण झाली नाही. तेव्हा विद्यार्थ्याचे प्रमाणपत्र ही काही अपवादात्मक घटना नव्हे, आपण समाज म्हणूनही गोण्याच मोजतो.

गोदाकाठ

मांजरेचे पाणी यांच्याशी सहमत, तरी एक जोड. ज्यांच्या कारकिर्दीत जायकवाडी उभे राहिले त्या शंकरराव चव्हाणांना लोक 'हेडमास्तर' म्हणत, ते काही सर्वांचे गोड ऐकून घेणारे म्हणून नव्हे. धरणात ज्यांची गावे गेली त्यांच्या कळा पैठण परिसरात आजही ऐकू येतात, आणि त्याच नाथसागरावर आमची बाग उभी आहे. तेव्हा किल्लारीकडच्या मित्रांनी मांडलेली कठोरपणाची बाजू पूर्णपणे सोडून देता येत नाही. मी स्वतः कोणत्या बाजूला, हे मला ठरवता आलेले नाही.

संपादक_मंडळ

चर्चा उत्तम चालू आहे. विद्यमान आमदार-खासदारांची नावे असलेले दोन प्रतिसाद काढले आहेत. संबंधितांनी समजून घ्यावे.

जलसंधारण_निवृत्त

नेतृत्वाविषयी मला फारसे कळत नाही, बंधाऱ्याविषयी थोडे कळते. ओढ्याला अजून धार असेल तर बंधारा वाचवता येईल. गोण्या काढून ठेवा, पात्रातील सैल वाळू कठीण थर लागेपर्यंत खणून काढा आणि त्या चरात काळी माती ओलसर करून धुम्मसाने ठोका. मग गोण्या विटांच्या बांधकामासारख्या सांधमोड करून, म्हणजे खालच्या सांध्यावर वरची गोणी येईल अशा, रचा. वरच्या अंगाला पुन्हा मातीचा लेप द्या आणि दोन्ही काठांत गोण्या हातभर आत घुसवा, नाहीतर पाणी बगलेतून जाईल. जुन्या गोण्या उन्हाने विरल्या असतील, त्या पुन्हा वापरू नका. काम जानेवारीतच करा, धार आटल्यावर उपयोग नाही.

बालाघाटचा_विद्यार्थी

सर्वांचे आभार. बारा दिवसांनी लिहितो आहे.

ताईंनी सांगितल्यावर मी त्या मुलीशी बोललो. मला वाटले होते ती म्हणेल, जाऊ द्या. तिने विचारले की तेव्हा मी दुसऱ्यांदा सांगितले असते तर तू ऐकले असतेस का. मी "नाही" म्हणालो. त्यावर तिने सांगितले की तिलाही तेच वाटले होते, म्हणून तिने श्वास वाचवला. मग तिनेच विचारले, की शनिवार-रविवार कोण कोण येईल.

आम्ही नऊजण गेलो. तास मोजले जाणार नाहीत हे आधीच सांगितले होते, त्यामुळे फडावरून_वर्गात यांची कसोटी आपोआप लागली. गटात तेवीस होते. कामाची आखणी तिने केली आणि मी माती ठोकली. शेळ्यांचे बाबा पुन्हा काठावर आले, बराच वेळ पाहत राहिले आणि त्यांनी पहिला प्रश्न केला, "तुमचे फोटोवाले नाहीत का आले?" मग स्वतःच खाली उतरून काळी माती कोणत्या बांधावरची चांगली ते दाखवले. रविवारी संध्याकाळी निघताना वरच्या अंगाला गुडघ्याला थोडे कमी पाणी होते. डाव्या काठाकडून अजून बारीक पाझर आहे. जलसंधारण सरांनी सांगितल्याप्रमाणे तिथे गोण्या हातभर आत गेल्या नाहीत, कारण खडक लागला. यावर काही उपाय असल्यास सांगावा.

तेरणेकाठी सर, आपल्या गुरुजींचे "तू पाहिलंस?" हे मी तिथे दोनदा वापरले.

जलसंधारण_निवृत्त

खडक लागला असेल तर घुसवू नका, त्याच्या फटीत ओली काळी माती आणि गवताचे पेंढे दाबून भरा. पाझर बहुतेक थांबेल.

गोदाकाठ

या वेळी गोण्या किती लागल्या?

बालाघाटचा_विद्यार्थी

मी मोजल्या नाहीत. तिच्या वहीत लिहिलेले आहे, उद्या विचारून सांगतो.